भिंतीवरची जागा

सुट्टीवर निघताना माणसं बॅगेत काय काय भरतात मला माहीत नाही, पण अक्कल मात्र नक्की घरी ठेवून येतात. कपाटात, नीट घडी घालून, परत आल्यावर लागेल म्हणून. मी हे उगाच तोंडाला येईल ते बोलत नाही. धक्क्यावर माझी चहाची टपरी आहे. समोर समुद्र आणि समुद्रात एक काळा खडक. ओहोटीला खडकापर्यंत दगडांची वाट उघडी पडते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कोणीही चालत जाऊ शकतं. भरती आली की ती वाट बुडते. यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्या टपरीवरच्या मांजराला कळतं. ते ओहोटीला तिकडे मासे खायला जातं आणि पाणी चढायच्या आत परत येऊन माझ्या दुधाच्या पातेल्याशेजारी बसतं. त्या मांजराने आजवर कधी हात हलवून मदत मागितलेली नाही.

माणसं मागतात. आणि माणसांनी मदत मागितली की होडी काढून जायचा तो माझा नवरा. सगळे त्याला कप्तान म्हणतात. मोठं जहाज वगैरे काही नाही हो, मोटार बसवलेली मासेमारीची होडी आहे. पण वाचलेल्या एका बाईने एकदा रडत रडत 'कप्तान' म्हटलं आणि ते ह्याला असं चिकटलं की आता नावाने हाक मारली तर ओ देत नाही.

वाईट माणूस नाही तो. मनाने सोन्यासारखा आहे. फक्त कोणी चार शब्द बरे बोललं की त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढायला वेळ लागत नाही, आणि उतरवायला मी लागते.

सगळा घोटाळा झाला तो त्या भिंतीमुळे. खडकावरून आणलेल्या माणसांबरोबर धक्क्यावर उभं राहून फोटो काढायचा ह्याचा रिवाज. ओलीचिंब, थरथरती, टॉवेल गुंडाळलेली माणसं, आणि मधोमध आमचे हे, केस नीट बसवलेले, उजवा हात कोणाच्या तरी खांद्यावर. मग तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून टपरीच्या आतल्या भिंतीवर. मी म्हणायचे, अहो, ही काय आपली नातेवाईक मंडळी आहेत? तर म्हणे, "असू दे गं, लोक बघतील आणि घाबरतील. धडा घेतील."

घेतला ना धडा! लोक चहा पिता पिता भिंत बघायचे आणि विचारायचे, "हे सगळे कोण?" मी सांगायचे, मूर्ख लोक. ते हसायचे. आणि मग त्यांच्या डोळ्यांत एक चमक यायची, जी मी आता अंधारातही ओळखीन. वरच्या हॉटेलचा मॅनेजर तर पक्का व्यापारी. त्याने भिंतीचाच फोटो काढून हॉटेलच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, 'थरारक अनुभव, प्रेमळ स्थानिक लोक.' प्रेमळ स्थानिक म्हणजे मी. तेव्हापासून माणसं खडकावर चुकून अडकायची बंद झाली आणि ठरवून अडकायला लागली. पाणी चढेपर्यंत वर बसून राहायचं, मग हात हलवायचे, कप्तानने यायचं, फोटो, चौकट, भिंत. सहलीत काय काय केलं ते सांगताना घरी दाखवायला बरं पडतं.

एरवी ते खपूनही गेलं असतं. साध्या भरतीला खडकाचा माथा कोरडा राहतो. तिथे कोणी विसरलंच तरी फार तर थंडी भरेल, पुढच्या ओहोटीला शिंकत शिंकत परत येईल. पण उधाणाच्या भरतीला माथाही राहत नाही.

मागच्या हंगामाच्या शेवटी ह्याने एक अगडबंब गृहस्थ खडकावरून ओढून होडीत घेतले. गृहस्थ आले, ह्याचा खांदा मात्र तिथेच राहिला म्हणायचा. रात्रभर कूस बदलता येईना. शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, खांद्याचा स्नायू अर्धा फाटलाय. जाळं ओढायचं नाही, जड उचलायचं नाही, व्यायाम करायचे, हळूहळू भरून येईल. "आणि आणखी एक जोराचा हिसका बसला तर?" मी विचारलं. "तर उरलेला फाटेल," डॉक्टर म्हणाले. "मग ऑपरेशन केलं तरी हा हात खांद्याच्या वर जाणार नाही."

आमचं घर त्या हातावर चालतं. टपरीवर चहा होतो, घरची चूल पेटत नाही. आणि चूल सोडा, तो माणूस होडीशिवाय काय करणार होता? दोन दिवस वारा जास्त असला, होडी बाहेर निघाली नाही, तर घरात असा फिरतो की मला फडकं घेऊन त्याला बाहेर हाकलावं लागतं. मी त्याला माझी शपथ घातली. खडकावर कोणीही असो, जायचं नाही. त्याने मान हलवली. त्याच्या मान हलवण्यावर माझा किती विश्वास, तर मोटारीची चावी मी माझ्या एप्रनच्या खिशात ठेवायला लागले. दुखण्याचं कोणाला सांगायचं मात्र नाही, असं त्याने मला बजावलं. कप्तानचा खांदा गेला हे लोकांना कळलं तर कसं दिसेल! मी म्हटलं, खांदा गेलेला दिसेल.

तर अशा वेळी, उधाणाच्याच दिवशी, ती मंडळी आली.

पुढे एक गॉगलवाला. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्या मागे तिचा भाऊ, म्हणजे गॉगलवाल्याचा मेहुणा, फोन एका काठीवर बसवून सगळ्या जगाचं चित्रीकरण करत. आणि सगळ्यांच्या मागे, प्रत्येक पायरीवर थांबत, गॉगलवाल्याची आई. आईला माझ्या बाकड्यावर बसवलं आणि गॉगलवाला सरळ आत भिंतीसमोर गेला. हात मागे बांधून, माणसं चित्रांच्या प्रदर्शनात फिरतात तसा फिरला.

"काकू, मधली जागा रिकामी आहे वाटतं?"

"ती खिडकीसाठी ठेवलीय," मी म्हटलं.

"आम्हाला मधलीच हवी. आडवा फोटो असेल आमचा." मग घड्याळ बघून म्हणाला, "बरं, साधारण किती वाजता वाचवतात?"

मी चहाचं भांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मला काय काय विचारलं गेलंय. समुद्राचं पाणी खारट का, भरती थोडी उशिरा करता येईल का, खडकावर बाथरूम आहे का. पण हा प्रश्न नवा होता.

"अहो साहेब," मी म्हटलं, "आज उधाण आहे. खडक आज पुरा बुडतो. तुम्ही चाललात तर तुमच्या पायांनी चाललात, आणायला कोणी येणार नाही. होडी बंद आहे."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. दुकान बंद असतं तशी."

त्याने मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने त्याच्याकडे. दोघंही समजूतदार हसले. "ते तसंच म्हणतात," मेहुणा म्हणाला. "मॅनेजरने सांगितलं होतं ना, आधी थोडं घाबरवतात. त्यात मजा आहे."

मी कपाळाला हात लावला. आता काय बोलायचं? खरं सांगावं तर तो कार्यक्रमाचा भाग. ओरडावं तर तोही भाग. मी मग त्या बायकोला गाठलं. बाई माझे, म्हटलं, तू तरी ऐक. तर ती बिचारी म्हणाली, "मला पोहता येत नाही हो, पण ह्यांनी सगळी चौकशी केलीय." चौकशी केलीय! ज्याने चौकशी केली त्याने भिजलेल्या माणसांच्या हसऱ्या चेहऱ्यांची केली, पाण्याची केली नाही. गॉगलवाला जाता जाता मला म्हणाला, "आमची जबाबदारी आम्ही घेतो, काकू. काळजी करू नका." जबाबदारी घेणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत. पाणी कमरेला लागलं की ती जबाबदारी कोणाच्या हातात द्यायची ते शोधायला लागतात.

गेले. हसत, फोटो काढत गेले. आई माझ्याजवळ बसून राहिली. मी तिला चहा दिला, तिने बशीत ओतून फुंकर मारली.

"लहानपणापासून असाच आहे," ती म्हणाली, कौतुक आणि कंटाळा दोन्ही एकाच सुरात. "झाडावर चढायचा आणि वर गेल्यावर ओरडायचा. ह्याचे वडील शिडी घेऊन तयार. एकदा शिडी नव्हती तर शेजाऱ्यांची आणली."

"एकदा तरी राहू द्यायचं होतं वर," मी म्हटलं.

"आपलं लेकरू वर रडत असताना?" ती म्हणाली आणि बशी तोंडाला लावली.

पाणी चढायला लागलं. दगडांची वाट आधी तुकड्या तुकड्यांनी दिसत होती, मग दिसेनाशी झाली. ते तिघं वर उभे राहून हात हलवत होते. मजेत. हात हलवायचे आणि मग हात हलवतानाचं चित्रीकरण कसं झालंय ते फोनमध्ये डोकं घालून बघायचे. आईनेही इथून हात हलवला. मी शहरातल्या बचाव पथकाला फोन लावला. तिकडचा माणूस सभ्य होता. गाडी आणि रबरी होडी दुसऱ्या कामावर आहेत, म्हणाला, निघाले तरी तास-दीड तास लागेल, तोवर त्यांना उंच जागी थांबायला सांगा. मी म्हटलं, ते उंच जागीच आहेत, ती जागाच खाली चाललीय. गावातल्या बाकीच्या होड्या पहाटेच दूर मासेमारीला गेलेल्या. हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला तर तो म्हणाला, "पाहुणे आमच्या फाटकाबाहेर पडले की आमचा संबंध नाही." मग जरा थांबून म्हणाला, "कप्तान आहेत ना?"

कप्तान मागच्या खोलीत जाळं दुरुस्त करत होता. नव्हे, मला वाटत होतं तो जाळं दुरुस्त करतोय. मी वळून बघितलं तर दारात उभा. समुद्राकडे बघत होता. खडकावरचे हात आता वेगळे हलत होते. तो फरक मला कळतो, त्याला तर कळतोच. बायको खाली बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी दगड धरला होता.

"चावी दे," तो म्हणाला.

"नाही."

"अगं, उधाण आहे आज."

"मला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. मी माझ्या तोंडाने सांगितलंय. शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"चावी दे गं."

"हात वर करून दाखवा आधी. कानापर्यंत. दाखवा ना! शर्टाची बटणं लावताना तोंड वाकडं होतं तुमचं, मला दिसत नाही वाटतं?"

त्याने हात वर केला नाही. आणि तेवढ्यात माझ्या एप्रनला कोणीतरी धरलं. आई. बाकड्यावरून उठून कधी आली कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. चहाची बशी अजून तिच्या हातात होती.

मी तिला स्पष्ट सांगितलं. लपवून काय करायचं होतं? म्हटलं, मावशी, ह्यांचा खांदा फाटलाय. हे गेले तर हात जाईल. आयुष्यभराचा जाईल. जाळं नाही, दोर नाही, काही नाही. तुमच्या मुलाला भिंतीवर फोटो हवाय म्हणून.

तिचा चेहरा असा उतरला की मला माझंच बोलणं नकोसं झालं. ती माझ्या पाया पडेल, रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने काहीच केलं नाही. एप्रन मात्र सोडला नाही.

"माझा मुलगा मूर्ख आहे," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे. पण माझा आहे गं."

मला इतका राग आला! तिचा नाही, तिच्या मुलाचा नाही, नवऱ्याचाही नाही. राग आला तो अशासाठी की ती म्हणाली ते खरं होतं, आणि माझ्याकडेही तेवढंच होतं बोलायला. "हाही माझाच आहे," मी म्हटलं, "आणि हाही मूर्खच आहे." आणि चावी काढली.

पण नवऱ्याच्या हातात दिली नाही. म्हटलं, मी येते. तुम्ही मागे बसून डाव्या हाताने सुकाणू धरायचं, आणि उजव्या हाताने काहीही करायचं नाही. नाक खाजवायचं झालं तरी मला सांगायचं. ओढायचं काम माझं. दुधाचे कॅन उचलून माझे दंड त्याच्यापेक्षा बरे आहेत, आणि होडीत मी काही पहिल्यांदा चढत नव्हते. तो हो म्हणाला. खरंच म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघून घेतलं.

पाण्याला जोर होता. होडी चढायची आणि धाडकन खाली यायची. मी पुढे टोकाला, एका हातात लांब आकडा, लाइफ जॅकेट घट्ट बांधलेलं. जवळ गेलो तेव्हा लाटा खडकाच्या माथ्यावरून जायला लागल्या होत्या. तिघंही गुडघाभर पाण्यात. मी तोंडात येतील तेवढ्या शिव्या दिल्या, मला फार बरं वाटलं. नवऱ्याने होडीचं टोक खडकाला टेकवलं, अगदी अलगद, एका हाताने. मी हात पुढे केला आणि बायकोला ओढून घेतलं. ती पोत्यासारखी आत पडली आणि पडल्या जागी माझा पाय धरून बसली. झालं, एक आली.

"या साहेब!" मी गॉगलवाल्याला ओरडले. "हात द्या!"

तो पुढे आला. ओठ निळे पडलेले, दात वाजताहेत. माझ्या हाताकडे बघितलं आणि, देवाशप्पथ सांगते, हात मागे घेतला.

"काकू, तुम्ही नको," तो म्हणाला. "कप्तानना पुढे येऊ द्या. चित्रीकरण चालू आहे."

त्याच्यामागे मेहुणा, एका हाताने खडक धरून, दुसऱ्या हातात फोन. मला क्षणभर वाटलं की मी नीट ऐकलं नाही. समुद्र गळ्याशी आलाय आणि ह्याला हात निवडून हवा! मी म्हटलं, अरे मेल्या, हा हात घे नाहीतर मी होडी फिरवते. "फक्त कप्तानना एकदा," तो म्हणाला. "भिंतीवरच्या सगळ्यांना त्यांनीच वर घेतलंय."

तेवढ्यात लाट आली. होडी मागे ओढली गेली, परत पुढे आली, माझा तोल गेला, मी गुडघ्यावर आपटले. आणि मान वर करून बघते तो नवरा मोटार सोडून पुढे आलेला. माझ्या डोक्यावरून पलीकडे वाकलेला. डाव्या हाताने त्याने कपाळावरचे ओले केस मागे सारले. मी बघितलं. मग उजवा हात पुढे केला.

"नको!" मी ओरडले.

गॉगलवाल्याने तो हात दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग झोकून दिलं. त्याच वेळी होडी लाटेवरून धाडकन खाली बसली. मला आवाज ऐकू आला. त्या सगळ्या गोंगाटात, वाऱ्यात, मोटारीच्या घरघरीत तो बारीकसा आवाज मी ऐकला. नवरा ओरडला नाही. गॉगलवाला आत आला आणि नवरा त्याच्याबरोबरच खाली कोसळला. तोंड पांढरंफटक, डोळे अर्धे मिटलेले, हात अंगाखाली कुठेतरी.

मेहुण्याला हे सगळं नीट पकडायचं होतं म्हणून तो दोन पावलं मागे सरकला. मागे समुद्र होता. तो पडला, मी आकड्याने त्याची कॉलर पकडून त्याला होडीच्या कडेला आणला आणि गॉगलवाल्याच्या मदतीने वर घेतलं. फोन गेला. काठीसकट गेला. मेहुण्याने जे रडायला सुरुवात केली, अहो, स्वतः बुडताना रडला नव्हता इतका. "सगळं त्यात होतं! सगळं त्यात होतं!" मी मोटार धरली आणि होडी धक्क्याकडे वळवली. नवऱ्याचं डोकं त्या बायकोच्या मांडीवर होतं, तिने आपणहून घेतलं होतं.

धक्क्यावर लोक जमले होते. मॅनेजरही फाटकाबाहेर आला होता, आता संबंध होता त्याचा. टॉवेल घेऊन आला, हॉटेलचं नाव छापलेले. गॉगलवाल्याच्या अंगात ऊब आली तशी अक्कल येईल असं कोणाला वाटलं असेल तर मला वाटलं नव्हतं. तो माझ्याजवळ आला. गॉगल अजून डोक्यावर. फोन बुडाला, माणसं बुडता बुडता राहिली, गॉगल मात्र जिथल्या तिथे.

"काकू, चित्रीकरण गेलं हो," तो म्हणाला. "इथेच धक्क्याजवळ, उथळ पाण्यात, कप्ताननी नुसता हात दिल्यासारखं केलं तर? एकच मिनिट."

आणि माझा नवरा, ज्याचा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता, ज्याला कुठे आहोत तेही धड कळत नव्हतं, तो उठायला लागला. डाव्या हाताने उजवा हात उचलून जागेवर धरत होता. मी म्हटलं, "बसा खाली!" असं मी त्याच्याशी उभ्या जन्मात बोलले नव्हते.

आई पुढे आली. तिने मुलाच्या डोक्यावरचा गॉगल काढला आणि पाण्यात टाकला. मग माझ्याबरोबर गाडीत बसली आणि शहरातल्या दवाखान्यापर्यंत आली. कोणी ये म्हटलं नव्हतं. बाकड्यावर माझ्या शेजारी बसून राहिली, संध्याकाळपर्यंत. मला तिचा राग करायचा होता. नाही जमला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी या वेळी आमच्याकडे बघून सांगितलं. हात छातीपर्यंत येईल, पुढे नाही. होडी आता धाकटा दीर चालवतो. गॉगलवाला फुलं घेऊन येऊन गेला, मोठी फुलं, दांड्यासकट, ठेवायला घरात भांडं नाही. हॉटेलच्या पानावर त्याने लिहिलं ते मॅनेजरने मला कौतुकाने वाचून दाखवलं. अनुभव अविस्मरणीय, माणसं देवासारखी, फक्त बचावासाठी होडी जरा लवकर यायला हवी. पाचपैकी चार तारे. मॅनेजर म्हणाला, चार म्हणजे चांगलेच आहेत हं.

नवऱ्याला विचारलं मी, अगदी सरळ विचारलं, का दिलात तो हात? तर म्हणे लाट येत होती, तो माणूस गेला असता, डाव्या हाताने कड धरली होती. कड धरली होती म्हणे! मी ते केस मागे सारताना बघितलंय. बरं, लाट येत होती हेही खोटं नाही. मी रात्री पडल्या पडल्या ते दृश्य पुन्हा पुन्हा बघते, आणि कधी मला आधी लाट दिसते, कधी आधी केस दिसतात. कोणावर चिडायचं तेच ठरत नाही.

घरी आणल्यावर पहिल्या सकाळी मी त्याला शर्ट घालत होते. हात छातीशी बांधलेला, त्यामुळे एक बाही रिकामी. मी बटणं लावत होते आणि मनात भाषण तयार होतं. दवाखान्यात बसून बसून चांगलं लांबलचक तयार केलं होतं. तुमच्या मोठेपणाचं काय झालं बघा, असं सुरू होणार होतं. कोणाचीही भीड ठेवणार नव्हते. मी खाली बघत होते, म्हणून त्याचं तोंड मला दिसलं नाही, आवाज फक्त ऐकू आला. बारीक आवाज. असा तो कधीच बोलत नाही.

"होडीत पडल्यानंतरचं मला काही आठवत नाही," तो म्हणाला. "ते... मेहुण्याने घेतलं होतं ना. त्यात आलं का गं? मी हात देताना?"

मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, बांधलेल्या हाताकडे बघत होता. तोंडाशी आलेलं सगळं भाषण मी गिळलं.

"आलंय," मी म्हटलं. "मी बघितलं. अगदी स्पष्ट आलंय."

त्याने मान हलवली, आणि मी शेवटचं बटण लावलं.